सात दिवसांची हजेरी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला दूध ओतत असला तरी माझं लक्ष त्याच्या मापाच्या तळाकडे असतं. घरातले यावरून मला चिडवतात, खुशाल चिडवू देत. या स्वभावाचा मला सगळ्यात मोठा फायदा झाला तो आणि सगळ्यात मोठा तोटा झाला तो, दोन्ही एकाच आठवड्यात झाले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. अंगाने किरकोळ होते, पण युनियनचा बिल्ला शर्टावर लावला की दोन इंच उंच दिसायचे. कामगाराचा हक्क या विषयावर ते कुणालाही धरून बोलत बसत. पाहुणे चहा पिऊन कंटाळले तरी आबांचं संपायचं नाही.

त्यांच्या टोळीत एक रीत होती. ठरलेल्या वेळेला माणूस जागेवर आला की मुकादम त्याची हजेरी मांडायचा. मग ट्रक येवो न येवो, माणूस हजर तो हजर. आणि जो आलाच नाही त्याने नंतर कितीही कारणं सांगितली तरी त्याचं कुणी ऐकून घेत नसे. आबांनी हीच रीत घराला लावली होती. शाळेला सुट्टी असल्याचं शेजारच्या मुलीने सांगितलं, तरी आम्हा भावंडांना फाटकापर्यंत जाऊन खात्री करून यावं लागे. फाटकाला कुलूप बघून परत येताना मला आबांचा भयंकर राग यायचा.

मी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी. वाशीच्या एका टायपिंग क्लासात मुलींना शिकवायचे. तिथे पुढे काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून अर्ज करत राहायचे. बेलापूरच्या एका खाजगी कंपनीत इंटरव्ह्यू झाला आणि पंधरा दिवसांनी पोस्टाने पत्र आलं. त्यांची टायपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर चालली होती, तिच्या जागी तीन महिन्यांसाठी मी. तात्पुरती जागा. सोमवारी साडेनऊला हजर व्हावं, आणि दोघांपैकी कुणालाही सात दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल, असं लिहिलेलं. खाली सही, शिक्का. तात्पुरत्या जागेवर चिकटलेली माणसं पुढे कायम होतात, असं तेव्हा सगळे म्हणायचे. जागा मंजूर असल्याचं पत्र मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, क्लासच्या सरांना राजीनामा दिला, आणि सरांनी दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसवली. म्हणजे मागचा दरवाजा बंद झाला होता. आता काय ते बेलापूरच.

आमच्याकडे फोन नव्हता. आमच्या गल्लीत तो फक्त शेजारच्या काकींकडे होता. काकी चिपळूणकडच्या, त्यांचे यजमान सरकारी ऑफिसात क्लार्क. अर्जात आम्ही सगळे त्यांचाच नंबर द्यायचो आणि पुढे ‘पीपी’ लिहायचो, म्हणजे फोन शेजारचा आहे, बोलावून देतील. फोन आला की काकी खिडकीत येऊन हाक मारायच्या. ती हाक अशी असायची की चार घरांपलीकडचीसुद्धा आपलाच फोन म्हणून चपला घालायची.

पत्र आल्यानंतरच्या गुरुवारी आबा जेवताना उगाच खुशीत होते. मध्येच म्हणाले, “तुझ्या त्या कंपनीत युनियन हाय का गं?”

“मला काय माहीत? अजून गेलेय कुठे मी?”

“नसली तर व्हईल,” म्हणाले आणि आणखी भाकरी मागितली. हे त्यांचं नेहमीचंच होतं, मी लक्ष दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी काकी आमच्या दारात आल्या. हाक न मारता स्वतः आल्या, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हातात मेथीची जुडी होती आणि नजर त्या जुडीवर.

“बाय, तुझ्या कंपनीचा फोन आलेला. सोमवारी येऊ नको बोलले. ती जागा कॅन्सल झाली.”

“कोण बोललं? बाई की पुरुष?”

“पुरुष.”

“नाव काय सांगितलं?”

“नाय सांगितलं.”

“मला का नाही बोलावलंत?”

“त्यांना घाई होती, बाय.” हे बोलताना त्यांनी मेथीचं एक चांगलं पान खुडून खाली टाकलं.

काकींच्या बहिणीची मुलगी टायपिंग शिकत होती. कधीतरी काकीच म्हणाल्या होत्या, तिलाही कुठेतरी चिकटवून द्यायला हवं. माझं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन दोनदा वाचलं होतं, पत्त्यासकट. मी हे सगळं मनात एका दोऱ्यात ओवलं. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला पक्कं कळलं.

आबा मोरीतून हातपाय धुऊन आले. एरवी साधा रेशनचा निरोप असला तरी दहा प्रश्न विचारणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी काकींना एकही प्रश्न विचारला नाही. काकी गेल्यावर मला म्हणाले, “तू सोमवारी जा. फोनवरचं काय खरं धरतीस? कागद हाय न्हवं आपल्याकडं? कागद सांगतोय हजर ऱ्हा, तर हजर ऱ्हायाचं.”

मला ते पटलं, पण माझ्या कारणासाठी. फोन आलाच नसेल, असं मी धरून चालले होते.

सोमवारी आबांनी खाडा केला. कामावर खाडा करणं ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. बसमध्ये त्यांनी मला तीनच गोष्टी बजावल्या. मूळ पत्र कुणाच्या हातात द्यायचं नाही, फक्त झेरॉक्स द्यायची. ‘नको’ म्हणाले तर लिहून मागायचं. आणि वर जायच्या आधी गेटवरच्या वहीत वेळ लिहायची. मग ते समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले.

वहीत नाव, वेळ, कुणाला भेटायचं, काय काम, असे रकाने होते. मी कामाच्या रकान्यात लिहिलं, ‘नोकरीवर हजर होण्यासाठी.’ वॉचमन अकोल्याकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी वही फिरवून वाचलं. म्हणाले, “ताई, इथं नुसतं ‘पर्सनल’ लिहितेत सारे.”

“मी पर्सनल आलेली नाही,” मी म्हटलं.

वर गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की फोन खरा होता. तिथल्या साहेबांनीच केला होता. साहेब गोड बोलणारे होते, आणि गोड बोलणाऱ्या माणसासमोर मी पर्स दोन्ही हातांनी धरते.

“सॉरी हां, तुम्हाला उगाच त्रास. आमच्या त्या मॅडम रजा कॅन्सल करून परत येतायत. त्यामुळे गरजच राहिली नाही.”

काचेपलीकडे टायपिस्टचं टेबल दिसत होतं. खुर्ची रिकामी, टाइपरायटरवर कव्हर, कव्हरवर धूळ. इंटरव्ह्यूला आले तेव्हा त्या बाईंना आठवा महिना होता, आणि खुर्चीतून उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतलेला मी पाहिला होता. त्या परत येणार म्हणे!

“तुमच्याकडचं ते लेटर द्या जरा, फाइलला लावायचंय,” साहेबांनी हात पुढे केला.

मी झेरॉक्स दिली. ते म्हणाले, ओरिजिनल. मी म्हटलं, ओरिजिनल घरी आहे. ते माझ्या पर्समध्ये होतं. मग म्हटलं, जागा रद्द झाली असेल तर तसं लिहून द्या. त्यावर साहेबांचा गोडवा थोडा आटला. तात्पुरत्या जागेसाठी कुणी लिहून देत नाही, म्हणाले.

खाली येऊन मी आबांना सगळं सांगितलं. काकींनी खोटा निरोप दिला नव्हता हे उघड होतं, पण माझा संशय काही जागचा हलला नाही, फक्त त्याने कूस बदलली. कंपनीने अचानक नको म्हणावं असं काकी फोनवर काय बोलल्या असतील, याचा मी विचार करू लागले. आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “कागदावर नोटीस किती दिसांची हाय?”

“सात.”

“मग त्यांनी आज तोंडानं नोटीस दिली असं धर. सात दिस तू त्यांची कामगार. सात दिस हजेरी लाव.”

“काम नसताना?”

“काम देणं त्यांच्याकडं. हजर ऱ्हाणं आपल्याकडं.”

आणि मी गेले. मंगळवारी साडेनऊला वहीत लिहिलं, ‘नोकरीवर हजर.’ रिसेप्शनच्या बाकावर डबा घेऊन बसले. दुपारी बाहेर पायरीवर बसून जेवले. जवळच्या दिवाळे गावच्या कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परत चाललेल्या असायच्या, त्यातली एक रोज थांबून विचारायची, “आज तरी घेतला का गो कामावर?” साडेपाचला वहीत सुटण्याची वेळ लिहायची आणि घरी. मला लाज वाटायची, साफ सांगते. येणारेजाणारे बघायचे. एका शिपायाने मला भाड्याच्या वसुलीला आलेली समजून पाणी दिलं.

बुधवारी दुपारी मी तिथून जवळच असलेल्या सरकारी कामगार कार्यालयात गेले. टेबलावरच्या कारकुनाने पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. “अवघड आहे, बाई. तुम्ही काम सुरूच केलेलं नाही, त्यामुळे कामगार म्हणून आमच्याकडे तक्रार टिकेल की नाही, शंका आहे. पण पत्र त्यांनी दिलं, तुम्ही मंजूर म्हणून कळवलं, म्हणजे करार झाला. तो मोडला तर दाद दिवाणी कोर्टात मागता येते. रजिस्टरची पोच आहे?”

“आहे.”

“आणि पहिली नोकरी यांच्या पत्रावर विसंबून सोडलीत, त्याचा पुरावा?”

“राजीनाम्याची प्रत आहे.”

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. त्यांनी मला कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा सांगितला. पत्र देऊन प्रतीवर शिक्का घ्या, आणि ती वहीतली हजेरी अजिबात सोडू नका, म्हणाले. हे कुणी सुचवलं, असंही विचारलं. वडिलांनी, म्हटलं. त्या दिवशी मला आबांचा अभिमान वाटला. दुसऱ्याच दिवशी मी ते पत्र कंपनीत देऊन प्रतीवर शिक्का घेतला.

सातवा दिवस रविवार होता. ऑफिस बंद. तरी आबा म्हणाले, जा. शाळेच्या कुलपाची आठवण येऊन मी चरफडले, पण गेले. वॉचमननी माझ्यासाठी आतून वही आणली, पानावर तारीख घातली. त्या पानावर दिवसभरात माझं एकटीचंच नाव होतं.

सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं आणि एक पाकीट पुढे सरकवलं. ‘प्रशासकीय कारणास्तव आपली नेमणूक मागे घेण्यात येत आहे.’ सोबत नोटिशीच्या सात दिवसांचा पगार. मला जागा मिळाली नव्हती, पण लेखी मिळालं होतं. सही करून मी उठले, तर साहेब पाठीमागून म्हणाले, “तुमच्या त्या नंबरवर चौकशीला फोन केला तेव्हाच कळायला हवं होतं. संप झाला तर मुलगी कामावर येणार नाही, असं तिथूनच तोंडावर सांगितलं आम्हाला. आमच्या फॅक्टरीत आताच कुठे संप मिटलाय. कोण ठेवील मग तुम्हाला?”

तो नंबर काकींचा होता, म्हणजे बोलल्या काकीच.

मी घरात न जाता थेट त्यांच्या दारात गेले. बायका नळावर होत्या, त्यांच्यासमोर बोलले. काय काय बोलले ते आज लिहायला हात धजत नाही. बहिणीच्या मुलीसाठी माझ्या पोटावर पाय दिलात, हे त्यातलं एक. आमचा फोन फुकट वापरता असं कधी बोलून दाखवलं नाहीत, पण त्याची किंमत अशी वसूल केलीत, हे दुसरं. काकी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून आमच्या घराकडे पाहिलं. आमचं दार उघडं होतं, आबा आत कॉटवर बसलेले होते, त्यांना शब्द न् शब्द ऐकू जात होता. काकींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “सकाळपासून उपाशी असशील. जेव आधी.”

मला वाटलं, बोलायला तोंडच उरलं नाही म्हणून असं बोलतात.

त्यानंतर मी काकींशी बोलले नाही. पुढच्या अर्जांवर फोन नंबर दिला नाही, त्यामुळे दोनचार ठिकाणं हुकलीही असतील. वर्षभराने तुर्भ्याला एका गोदामाच्या ऑफिसात लागले. काकींनी मधल्या काळात नेरूळला फ्लॅट घेतला आणि त्या गेल्या. जाताना त्या सगळ्यांच्या घरी भेटायला आल्या, आमच्याकडेही आल्या, आणि मी मोरीत कपडे धूत बसून राहिले.

आणखी काही महिन्यांनी आमच्याकडे फोन लागला. आईने त्याला हळदकुंकू लावलं. गंमत म्हणजे आबा त्या फोनला हात लावत नसत. एकटे असले तर वाजू द्यायचे. एका रविवारी मी अंघोळीला गेले होते, बाहेर आले तर फोन वाजतोय आणि आबा त्याच्यासमोर उभे.

“उचला की! खातोय का तो तुम्हाला?”

तो वाजून थांबला. आबा खाली बसले. म्हणाले, “एकदा उचलला हुता. तुझ्या कंपनीचा.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या गुरुवारी मी क्लासात हिशेब मिटवायला गेले असताना काकींनी हाक मारली, फोन घ्यायला आबा गेले. “त्यांचा मानूस म्हनला, मुलगी साधी हाय न्हवं? युनियनच्या भानगडीत न्हाई ना पडायची? परत संप झाला तर कामावर येईल ना? मी म्हनलो, मुलगी माझी हाय. बाकीची मानसं भाईर बसल्याली असताना ती आत जाऊन बसायची न्हाई.” मग म्हणाले, “मला वाटलं, चांगलं बोललो.”

मी ओल्या केसांनी तशीच उभी राहिले. नोकरी गेल्याचा राग मला आला नाही, खरंच नाही. त्या प्रश्नाला मीही तेच उत्तर दिलं असतं. राग आला तो उघड्या दाराचा. मी नळावर ओरडत होते तेव्हा कॉटवरून उठून चार पावलं यायला काय झालं होतं?

“मी काकींना तसं बोलत होते, तेव्हा मला का नाही थांबवलंत?”

पुढच्या रविवारी मी नेरूळला निघाले तेव्हा आबा न सांगता शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले.

काकींची बिल्डिंग आली तसे ते रस्त्याच्या पलीकडे थांबले. “तू जा वर,” म्हणाले. मी दुसऱ्या मजल्यावर गेले, बेल वाजवली. काकींनी दार उघडलं, मला बघितलं आणि बाजूला झाल्या. बहिणीच्या मुलीचा फोटो भिंतीवर होता, लग्नातला. टायपिंग तिने परीक्षेआधीच सोडलं होतं म्हणे.

मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. रडलेही. मग विचारलं, “काकी, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“शनिवारी त्या माणसाचा फोन आला, त्याने कारण पण सांगितलं. मी आधी आबांना गाठलं नळाशी. ते बोलले, वहिनी, तिला फोनचं सांगा, कारण सांगू नका, ते मी सांगतो. आणि हात जोडले गं मला.” काकींनी आपले दोन्ही हात जुळवून दाखवले. “मी वाट बघत राहिले, आज सांगतील, उद्या सांगतील.”

आबांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. मुकादमासमोर नाही, व्यापाऱ्यासमोर नाही. देवळातसुद्धा ते उभ्या उभ्या एक हात छातीला लावून निघायचे.

काकींनी ताट वाढलं. मी पहिला घास घेतल्यावर त्यांनी विचारलं, “आबा बरे आहेत ना?”

“खाली आहेत,” मी म्हटलं. “रस्त्यापलीकडे उभे आहेत.”

काकी उठल्या, ओले हात पदराला पुसले आणि खिडकीत गेल्या. मग त्यांनी फोन आल्यावर मारायच्या तशीच, चार घरांना ऐकू जाईल अशी हाक मारली, “भाऊजी! वर या!”